विहिरीवरचं बोलावणं

आमच्या बेटावर ऑगस्ट महिना आमचा नसतो. तो जर्मनांचा असतो, इंग्रजांचा असतो, इटलीहून बोटी भरभरून येणाऱ्या पोरापोरींचा असतो. आम्ही त्यांच्या चादरी बदलतो, ताटं उचलतो, त्यांना विमानतळावरून आणतो आणि परत नेऊन सोडतो. इबिझाच्या माणसाला सुट्टी मिळते ती नोव्हेंबरात, जेव्हा हॉटेलांना कुलपं लागलेली असतात, समुद्राकडे बघवत नाही आणि घराच्या भिंतींना ओल आलेली असते. त्यामुळे यंदाच्या ऑगस्टात आपण सुट्टीवर जाणार आहोत, आणि तेही इथेच, इबिझाला, असं लारियानं बेकरीच्या रांगेत उभं राहून सांगितलं तेव्हा लोकांनी ते हसण्यावारी नेलं. बेकरीवाल्या बेर्नातनं पाव कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, की इथेच राहून सुट्टीवर जायचं म्हणजे नेमकं कुठून निघायचं आणि कुठे पोचायचं?

“घरातून निघायचं आणि मजेत पोचायचं,” लारिया म्हणाली. “तू पाव दे.”

तिचं पूर्ण नाव एउलारिया, पण एवढं लांब नाव घ्यायला आमच्याकडे कुणाला सवड नाही. सांत आंतोनीच्या खाडीवरच्या एका मोठ्या हॉटेलात ती लग्नाच्या आधीपासून खोल्या आवरत आली होती. लोक तिला वाट विचारायचे: किल्ला कुठे, म्युझियम कुठे, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो, रात्री नाचायला कुठे जावं? ती सगळं सांगायची. स्वतः मात्र त्यातलं काहीच तिनं पाहिलं नव्हतं. किल्ला तिला माहीत होता तो पाहुण्यांच्या बुटांना लागलेल्या पिवळ्या धुळीवरून, आणि क्लब माहीत होते ते दुपारी बारापर्यंत दारावर टांगून ठेवलेल्या ‘त्रास देऊ नका’च्या पाट्यांवरून. यंदाच्या वसंतात ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी मैत्रिणींनी फुलं दिली, मॅनेजरनं हात मिळवला. त्या हातमिळवणीत त्याची सुटका झाल्याचा आनंद जास्त होता, कारण एका वर्षी प्रत्येकीच्या वाट्याला दोन खोल्या जास्त आल्या तेव्हा ही बाई धुवायच्या चादरींच्या ढिगावर चढून बसली होती आणि तो हुकूम मागे घेईपर्यंत खाली उतरली नव्हती. लारियानं एकदा मनावर घेतलं की घेतलं. तिच्याशी वाद घालणं म्हणजे स्वतःच्या जिवाला घोर लावून घेणं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

सुट्टीला जोडीदार म्हणून तिनं एन्कार्नाला धरलं. एन्कार्ना मूळची दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाची, तरुणपणी हंगामी कामाला म्हणून आली आणि इथलीच झाली. दोघींनी हॉटेलच्या एकाच मजल्यावर खोल्या आवरत जन्म काढला होता. एन्कार्नाची जीभ तिखट, पाय दुखरे आणि उत्साह विशीतल्या पोरीचा. दोघी पहिल्यांदा गेल्या किल्ल्यावर. चढ चढताना एन्कार्ना प्रत्येक वळणावर बसायची आणि ज्यानं हा किल्ला एवढ्या उंचावर बांधला त्याच्या आईबापांचा उद्धार करायची. मग त्या जुन्या थडग्यांच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या म्युझियममध्ये मातीच्या बायका ठेवल्या आहेत, हजारो वर्षांपूर्वी फिनिशियन लोकांनी मेलेल्यांबरोबर पुरलेल्या. त्यांच्या गळ्यात भरगच्च दागिने, डोळे सरळ समोर. लारिया एका मूर्तीसमोर बराच वेळ उभी राहिली.

“काय गं, ओळखीची आहे का?” एन्कार्नानं विचारलं.

“माझ्या सासूसारखी दिसते,” लारिया म्हणाली. “पण हिची नजर बघ. आम्हाला नाचताना नजर खाली ठेवायला शिकवलं, आणि ही एवढी जुनी बाई खुशाल वर बघते.”

आता खरी गोष्ट सांगतो. किल्ला, म्युझियम, निळ्या कापडावर लिंबं छापलेला नवा फ्रॉक, हा सगळा देखावा होता असं नाही. ते तिला हवंच होतं. पण या सुट्टीच्या पोटात दुसरंच काही होतं, आणि ते होतं बेनेटच्या विहिरीवरचा नाच. ऑगस्टातल्या एका रविवारी, ऊन कललं की आमचं गाव त्या विहिरीवर जमतं. विहिरीचं पाणी काढतात, पाद्री येऊन चार शब्द बोलतो, फ्लाओ नावाचा पुदिना घातलेला चीजचा केक आणि ओरेयेता ही बडीशेपेच्या वासाची तळलेली गोड पुरी वाटतात, आणि मग एकच माणूस एका हातानं पावा आणि दुसऱ्या हातानं ढोल वाजवतो, त्यावर नाच होतो. लारियाला तिथे पुन्हा एकदा नाचायचं होतं. मरायच्या आधी, गुडघे आहेत तोवर, सगळ्या गावासमोर.

तुम्ही म्हणाल, मग नाचावं, कोण अडवतंय? अडचण अशी, की आमच्या नाचात बाई आपण होऊन उठत नाही. बायका एका बाजूच्या बाकावर बसतात. पुरुषांच्या हातात मोठ्या लाकडी चिपळ्या असतात, तळहातात न मावणाऱ्या. ज्याला नाचायचं असेल तो येऊन एकीच्या समोर उभा राहतो आणि चिपळ्यांचा एकच कडक ठोका देतो. तेच बोलावणं. तोंडानं काही विचारायचं नाही. ठोका पडला की बाई उठते. उठली नाही तर त्या माणसाचा भर गावात पाणउतारा होतो, आणि असा पाणउतारा आमच्याकडे नातवंडांच्या काळापर्यंत लक्षात ठेवतात. आणि ठोका पडलाच नाही, तर बाई मांडीवर हात ठेवून बसून राहते.

लारिया अशी आठ-नऊ वर्षं बसून होती. तिचा नवरा कोस्मे हा आमच्या भागातला सगळ्यात उंच उडीचा नाचणारा. आमच्या नाचात उड्या पुरुषानं मारायच्या असतात. बाईनं नजर खाली ठेवून छोट्या छोट्या पावलांनी फिरायचं आणि पुरुषानं तिला पाठ न दाखवता तिच्याभोवती पाय उडवत राहायचं. कोस्मे असा पाय फेकायचा की पहिल्या रांगेतले म्हातारे आपापल्या टोप्या धरून बसायचे. तो गेला आणि लारियानं काळे कपडे घातले. पहिली एक-दोन वर्षं तिला स्वतःलाच नाचाचं नाव नको होतं. मग एका वर्षी ढोल सुरू झाला आणि बाकाखाली तिचे पाय हलायला लागले. तिनं ते परकराखाली लपवले आणि वाट पाहिली. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षीही आलं नाही. विधवेचा मान ठेवतात बिचारे, असं ती मनाला सांगत राहिली. शेवटी तिला त्या मानाचा अगदी वीट आला.

म्हणून यंदा तिनं काळे कपडे पेटीत टाकले आणि शुमेवला गाठलं. शुमेव म्हणजे कोस्मेचा धाकटा भाऊ, गावच्या नाचमंडळाचा म्होरक्या. तो शेतात काठीनं बदाम झोडपत होता. लारियानं आढेवेढे न घेता सांगितलं, की रविवारी विहिरीवर मी पूर्ण पोशाखात, दागिने घालून येणार आहे.

“ये की,” शुमेव म्हणाला. “शोभा वाढेल.”

“शोभेला नाही येत. नाचायला येते.”

शुमेवनं काठी झाडाला टेकवली, टोपी काढली, आत काही हरवलं आहे का ते पाहिलं आणि परत डोक्यावर ठेवली. “हे बघ लारिया,” तो म्हणाला, “कोस्मे माझा सख्खा भाऊ. त्याच्या बायकोला कुणीही उठून बोलवावं हे बरं दिसत नाही. लोक तुला मान देतात, म्हणून गप्प आहेत.”

“मला मान नको आहे. तुम्हीच घ्या तो वाटून.”

“मग मी काय हुकूम सोडू लोकांना? बोलावणं ज्याचं त्याच्या मनातून येतं.”

“तुझ्या मनात काय आहे?”

शुमेवनं काठी उचलली आणि बदाम असे झोडपायला घेतले की पुढचं बोलणं कुणालाच ऐकू येऊ नये. लारिया पायाशी पडलेले बदाम ओलांडून निघून आली. वाटेत तिला कळलं की आपण रडतो आहोत, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

गुरुवारी चर्चच्या ओसरीत सराव होता. ती लिंबांचा फ्रॉक घालून गेली आणि बाकाच्या अगदी टोकाला, सगळ्यांना दिसेल अशी बसली. एक-एक करून बायका उठल्या. बेकरीवाला बेर्नात, बायको जाऊन त्यालाही बरीच वर्षं झालेली, चिपळ्या घेऊन सरळ तिच्या दिशेनं निघाला. लारियानं पाय जवळ घेतले, फ्रॉक सावरला. अर्ध्या वाटेवर बेर्नात थांबला, खाली वाकून त्यानं बुटाची दोरी बांधली, जी आधीच नीट बांधलेली होती, आणि उठला तो थेट आपल्या मावसबहिणीसमोर. ओसरीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान तिला भांडता आलं असतं.

हे सगळं तिनं एन्कार्नाला सांगितलं. एन्कार्नानं नाक मुरडलं. तुमच्या बेटावरचे पुरुष म्हणजे उन्हात वाळत घातलेले अंजीर, असं तिचं मत पडलं. आणि पुढे असंही पडलं, की आपण सुट्टीवर आहोत आणि सुट्टीतला अर्धा भाग अजून बाकीच आहे. तिचा जावई खाडीवरच्या एका क्लबच्या दारावर उभा असतो. शनिवारी उघड्यावर, सूर्यास्तापासून कार्यक्रम होता.

“तिथे कुणी कुणाला बोलवत नाही,” एन्कार्ना म्हणाली. “संगीत लागतं आणि लोक आपले आपण हलायला लागतात. तुला हेच पाहिजे ना?”

लारियाला नेमकं हेच पाहिजे होतं का, ते तिला सांगता येईना. पण तिनं जन्मभर ज्या मजेची उष्टी काढली ती मजा होती तरी कशी, हे बघायचंच असं तिनं ठरवलं होतं. शनिवारी दोघी कानात कापसाचे बोळे घालून, हॉटेलातले मऊ तळव्यांचे बूट चढवून क्लबच्या दारात हजर झाल्या. जावयानं सासूला पाहून डोळे मिटले, पण आत सोडलं. समुद्राच्या कडेला मोठी गच्ची होती आणि तीवर एवढी माणसं, की लारियाच्या मनात पहिला विचार आला तो उद्या सकाळी ही फरशी कोण पुसणार हा. सांडलेल्या पेयांनी ती चिकट झाली होती. दोघींनी आमच्या बेटाची, रानातला सुगंधी पाला घालून केलेली गोड दारू घेतली. सूर्य पाण्यात टेकला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोजच्या रोज बुडणाऱ्या सूर्याला टाळ्या कसल्या, असं एन्कार्ना पुटपुटली आणि तिनंही वाजवल्या.

मग आवाज वाढला. कापूस असूनही तो छातीत वाजायला लागला. पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला, लारियाच्याच वयाचा एक उघडाबंब माणूस स्पीकरसमोर डोळे मिटून झुलत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि त्यानं कुणाला बोलावलं नव्हतं. लारियानं ग्लास एन्कार्नाकडे दिला आणि पाय सोडले. तिच्या पायांना एकच नाच ठाऊक होता. ती नजर खाली घालून, टाचा न उचलता, छोट्या पावलांनी गोल फिरायला लागली. आता सगळे थांबून आपल्याकडे बघतील, असं तिला वाटलं. कुणीही बघितलं नाही. कुणाला तिचा नवरा माहीत नव्हता, तिचं वय दिसत नव्हतं, तिचा मान ठेवायची कुणाला गरज नव्हती. तिला एवढं हलकं वाटलं की ती मोठ्यानं हसली. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

बराच वेळ ती तशी नाचली आणि मनापासून नाचली. पण हळूहळू तिला उणं वाटायला लागलं. समोर कुणी नव्हतं. एकटीसाठी काही रांधलं आणि ओट्याशी उभ्या उभ्या पातेल्यातूनच खाल्लं, तसं ते होतं; पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही. तेवढ्यात शेजारी नाचणारी चमचमत्या झग्यातली एक पोरगी थांबली. ती भिंतीशी ग्लास घेऊन उभ्या असलेल्या एका लाजऱ्या पोराकडे गेली, त्याच्या हातातला ग्लास काढून खाली ठेवला आणि त्याला दंडाला धरून मधोमध आणलं. तो बावळटासारखा उभा राहिला, मग हलायला लागला, मग त्याचा चेहरा उजळला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लारिया जागच्या जागी थांबली.

“बघितलंस?” तिनं एन्कार्नाच्या कानातला कापूस ओढून काढत विचारलं. “तिनं त्याला बोलावलं.”

“त्यात काय एवढं? मी माझ्याला असाच उचलून आणला होता. तो स्वतः आला असता तर मी अजून माहेरीच असते.”

लारियानं तिला चल म्हटलं. अजून सगळी रात्र पडली आहे, आत्ता कुठे रंगायला लागलं आहे, असं एन्कार्नानं सांगून पाहिलं. पण लारियाची सुट्टी तिथल्या तिथे संपली होती. आता तिच्यापुढे काम होतं.

रविवारी दुपारी तिनं पोशाख चढवला. आमचा पोशाख एकटीनं चढवणं सोपं नाही. परकरावर परकर, त्यावर चुण्यांचा जड घागरा, खांद्यावर फुलाफुलांचा रुमाल, आणि छातीवर सोन्याच्या साखळ्या, टाचण्यांनी एकीवर एक बसवलेल्या. बाईच्या मदतीला शेजारीण येते असा रिवाज आहे. एन्कार्ना आली, टाचण्या टोचत आणि शिव्या देत तिनं सगळं बसवलं. आपण काय करणार आहोत ते लारियानं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एन्कार्नानं वाटेत सगळ्यांना सांगून टाकलं असतं.

विहिरीवर माणसं जमली होती. गावकरी बाकांवर, पाहुणे मागे, हातात मोबाइल धरून. पाद्र्याचं बोलून झालं, पाणी काढून झालं, ओरेयेता वाटून झाली, पावा आणि ढोल सुरू झाला. ठोके पडत गेले आणि बायका उठत गेल्या. लारिया बसून होती, सोन्यानं मढलेली, ताठ. बेर्नातनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि घाईनं विहिरीत पाहिलं. एक नाच झाला, दुसरा झाला. शुमेव दुसऱ्या नाचात चारच उड्या मारून धापा टाकत विहिरीच्या कठड्यावर बसला आणि चिपळ्या त्यानं शेजारी ठेवल्या.

तेव्हा लारिया उठली. बाकावरच्या बायकांना वाटलं ती पाणी प्यायला चालली. ती मोकळ्या अंगणातून सरळ चालत गेली, कठड्यावरच्या चिपळ्या उचलल्या आणि शुमेवच्या समोर उभी राहिली. चिपळ्या बायकांनी धरायच्या नसतात, त्यामुळे तिला दोऱ्या कशा घालायच्या ते येईना. पहिला ठोका लाकूड घसरल्यासारखा नुसता खरखरला. तिनं ओठ आवळले, हात घट्ट केला आणि दुसरा दिला. तो थेट बदामांच्या रानापर्यंत ऐकू गेला असेल.

ढोल थांबला. पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे; त्यांनी मोबाइल उंच केले. आमच्या माणसांचे मात्र घास हातात राहिले. कारण बोलावणं म्हणजे बोलावणं. ते बाईनं द्यावं असं कुठे लिहिलेलं नव्हतं, तसंच बाईनं देऊ नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. तसं कुणाच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आणि बोलावणं आल्यावर न उठणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शुमेव उठला नाही, तर पाणउतारा होणार होता तो त्याच्या भावजयीचा, भर गावात, तिनं पुन्हा कधी तोंड वर करू नये असा. लारियाला ते कळत होतं. पण ती हलली नाही.

शुमेवचा चेहरा नाचाच्या पोशाखातल्या तांबड्या टोपीसारखा लाल झाला. तो पुढे झुकला आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल असं बोलला.

“माझी अब्रू घालवू नकोस गं.”

“तुझी कशी जाईल? जाईल ती माझी.”

“तुला कळत नाही,” शुमेव म्हणाला. त्याला शब्द जड जात होते. “तुझ्या काळ्या कपड्यांना कोण भीत होतं? मान-बिन सगळं आपलं बोलायचं म्हणून. आम्ही त्याच्या उडीला भीत होतो. तुझ्यासमोर जो नाचेल त्याच्याकडे बघून गाव म्हणणार, कोस्मे कुठे आणि हा कुठे. बेर्नातच्या गुडघ्यात पाणी आहे. माझी कंबर धरलेली आहे. कुणाची छाती होते?”

लारिया त्याच्याकडे बघतच राहिली. एवढी वर्षं. एवढी वर्षं ती बाकावर बसून विचार करत होती की आपण गावाला जिवंत वाटत नाही, नवऱ्याबरोबर आपल्यालाही पुरलं यांनी. आणि इथे हे म्हातारे आपापले गुडघे लपवत होते. तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याची मायाही आली. कोस्मे हे ऐकून किती हसला असता, हे तिच्या मनात आलं आणि ती स्वतःच हसली.

“मी तुला उडी मारायला बोलावलं का?” ती म्हणाली. “मला उडी नको आहे. उड्या मी जन्मभर बघितल्या, त्याही खाली मान घालून. तू नुसता समोर राहा.”

“आणि लोक?”

“लोकांकडे मी बघते.”

शुमेव कठड्याला हात देऊन उठला. तिनं चिपळ्या त्याच्या हातात दिल्या, कारण त्या वाजवायला तिला येत नव्हत्या आणि नसती हौस तिला नव्हती. ढोलवाल्यानं एकदा पाद्र्याकडे पाहिलं, पाद्र्यानं आपल्या हातातल्या फ्लाओच्या तुकड्याकडे पाहिलं, आणि ढोल सुरू झाला. लारिया छोट्या पावलांनी फिरायला लागली. शुमेव तिच्याभोवती चालला. पाठ न दाखवता, कमरेवर एक हात ठेवून, नुसता चालला. मधे एकदा त्यानं पाय वीतभर उचलला आणि लगेच खाली ठेवला. लारियानं नजर खाली घातली नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि फिरता फिरता बाकावरच्या प्रत्येकाकडे बघत होती, एकेकाच्या डोळ्यांत, जोवर तो नजर वळवत नाही तोवर. कुणाला हसायची हिंमत झाली नाही. पोशाखाच्या वजनानं तिचा श्वास फुलला, गुडघे ठणकायला लागले, आणि ती इतकी सुखात होती की तिला ते लपवावंसंही वाटलं नाही.

नाच संपला की पुरुषानं बाईपुढे एक गुडघा टेकायचा असतो. शुमेवनं टेकला आणि त्याला उठता येईना. लारियानं हात देऊन त्याला ओढून उभा केला. मग गावानं टाळ्या वाजवल्या, आधी बायकांनी.

ती बाकावर येऊन बसली, हातरुमालानं कपाळ पुसलं. एन्कार्ना तिच्या कानाशी काहीतरी बडबडत होती, तिला शब्द कळत नव्हते. समोर पुरुषांमध्ये काहीतरी चाललं होतं. कुणीतरी कुणाला ढोसत होतं. मग बेर्नात तिथून निघाला. या वेळी तो बुटाच्या दोरीकडे वाकला नाही. अंगण ओलांडून, एक पाय थोडा ओढत, तो लारियासमोर येऊन उभा राहिला, चिपळ्या वर केल्या आणि कडक ठोका दिला.

लारियानं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते आणि हनुवटीला पीठ लागलेलं होतं. तिला लगेच उठायचं होतं, तिचे पाय केव्हाच तयार होते. पण आठ-नऊ वर्षं काही थोडी नसतात. तिनं हातरुमालाची शांतपणे घडी घातली, कमरेला खोचली, एक साखळी सरळ केली, आणि बेर्नातला घाम फुटेपर्यंत तसंच उभं ठेवलं. मग ती उठली.